तुझा एक तुकडा नाशिकला आहे

हौसे, मी बोलतोय आणि तू गप्प पडून ऐकतेस, असं आपल्या उभ्या संसारात एकदाच झालं होतं. जव्हारला, तुझ्या तोंडात दुर्बीण होती तेव्हा. त्या वेळी दुर्बीण बाहेर आल्याबरोबर तू एकेका शब्दाचं उत्तर दिलं होतंस. आज दुसऱ्यांदा मी एकटा बोलतोय. या खेपेला तुला मध्ये तोंड घालायची सोय नाही, तर नीट ऐक.

शाळेतले गुरुजी आले होते. म्हणाले, काका, काकींबद्दल दोन शब्द लिहून द्या, शाळेच्या अंकात छापू. जन्म कधीचा, शिक्षण किती, कार्य काय, असं सगळं. मी म्हटलं, जन्म कधीचा ते तिच्या आईलाही धड माहीत नव्हतं, लावणीच्या दिवसांत झाली एवढंच. शिक्षण नाही. कार्य म्हणाल तर जन्मभर माझ्याशी भांडली. गुरुजी म्हणाले, मग तेच लिहा. मी चौथी शिकलेला गवंडी. चुकेल ते गुरुजी नीट करतील. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काशीचे बा, तुम्ही भिंती बांधा. हे तुमचं काम नाय."

तेराव्यापर्यंत घरात माणूस मावत नव्हता. जो येतो तो एकच बोलतो, "सुटली बिचारी. पोटानं लई सोसलं." पहिल्यांदा ऐकून घेतलं. मग एकाला विचारलंच, "सुटली म्हणजे? ती काय तुरुंगात होती?" काशीनं मला दंडाला धरून आत नेलं. आपली लेक आता तुझ्यासारखीच डोळे वटारते. "बा, लोक चांगल्या मनानं बोलतात." बोलत असतील. पण खोटं कशाला बोलायचं? सोसलंस ते आधी. नंतरची सगळी वर्षं तू माझ्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्लीस. आणि गेलीस ती पोटानं नाही. दुपारी नागली पाखडता पाखडता भिंतीला टेकलीस, सूप मांडीवर तसंच, एक दाणा खाली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. हृदयाला काय म्हणायचं ते म्हणा. तुझ्या पोटाला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. त्या पोटासाठी आपण काय काय केलं ते या लोकांना ठाऊक नाही.

तुझं पोट दुखायला लागलं ते काशीच्या लग्नाच्या वर्षी. बेंबीच्या वर जळायचं. चार घास खाल्ले की थांबायचं, पोट रिकामं झालं की पुन्हा सुरू. तू चुलीपुढं गुडघे पोटाशी घेऊन बसायचीस आणि तशीच भाकरी थापायचीस. आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचो, मिरची. तू भाकरीवर ठेचा असा घ्यायचीस की खाली भाकरी आहे की नाही ते समजायचं नाही.

"मिरचीनं दुखतं, तर तुमची आय एवढी म्हातारी कशी झाली? ती तर मिरच्या भाजून नुसत्या खायची."

"तिचं पोट दगडाचं होतं."

"माझं पण दगडाचंच होतं. तुमच्या ओरडण्यानं चिरा गेल्या त्याला."

भगताकडेही जाऊन आलो. तो तांदूळ बघून म्हणाला, कुणीतरी करणी केलीय. आता गावात करणी, गिलावा करायची, एकट्या माझ्याच पिशवीत, थापी आणि ओळंब्याबरोबर. तू पोट दाबून धरत म्हणालीस, "मग चोर घरातच आहे की." भगतालाही हसू आवरलं नाही. कोंबडी मात्र त्यानं घेतलीच.

हसायचीस, पण तू कशाला भीत होतीस ते मला ठाऊक होतं. जामसरची तुझी थोरली बहीण अशीच गेली. आधी जळजळ, मग अन्न तुटलं, मग काळं ओकायला लागली. शेवटी अंथरुणात गोधडी कुठली आणि ती कुठली ते ओळखू यायचं नाही. तिला काय झालं ते कुणी तपासलंच नाही. "तसलं" झालं, एवढंच सगळे म्हणाले. तुझं परसाकडचं काळं व्हायला लागलं तेव्हा विहिरीवरून येताना तू मला म्हणालीस, "काशीचे बा, माझं पण तसलंच निघालं तर मला सांगू नका." थोडी पुढं गेलीस, हंडा सावरलास, वळलीस. "नाय, सांगा." त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तसलं आहे की नाही.

जव्हारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या गोळ्या देऊन मी अंधारात किती दिवस चाचपडू? दुर्बिणीतून पोट बघून घेऊ. नाशिकचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा, सोमवारी, त्यांच्याकडे मशीन घेऊन यायचे.

तू विचारलंस, "दुर्बीण कशाला? माझं पोट काय लांब आहे? हे काय, इथंच तर आहे."

बाईंनी समजावलं की घशातून नळी आत सोडतात, तिच्या टोकाला दिवा असतो, आतलं सगळं दिसतं. आणि म्हणाल्या, "सोमवारी सकाळी उपाशी या." परतताना जीपमध्ये तू खुशीत होतीस. सोमवार तर तुझा शंकराचा उपासच. म्हणालीस, "बाईंना कसं कळलं हो, माझा सोमवार असतो ते?"

सोमवारी उजाडायच्या आत तू वरई शिजवलीस, शेंगदाण्याची आमटी केलीस आणि पोटभर फराळ केलास. लांबचा पल्ला, कधी परत येऊ कुणास ठाऊक. मी पण खाल्ली, उपास नसताना. खोडाळ्याहून जीप धरली. दवाखान्यात रझिया सिस्टर होत्या, जव्हारातल्याच. त्यांच्या भावाचं कपड्याचं दुकान होतं बाजारात. त्यांनी तुला विचारलं, "मावशी, काही खाल्लं नाही ना?" तू मान ताठ करून सांगितलंस, "नाय. उपास आहे."

तुला आत नेलं. मी बाकड्यावर. थोड्याच वेळात आतून डॉक्टरांचा आवाज आला, "सिस्टर, आत भात आहे!" लगेच नळी काढली, आणि मग तुझा आवाज, घसा बधिर केलेला, तरी सगळ्या दवाखान्याला ऐकू गेलेला: "भात नाय! वरई! भात खाऊन उपास मोडीन का मी?"

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, काशीच्या नवऱ्याच्या वयाचे. मला विचारलं, "काका, यांना उपाशी आणायला सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, "उपाशीच आहे. वरईशिवाय तोंडात काही घातलेलं नाही." ते बाकड्यावर माझ्या शेजारी बसले आणि चष्मा काढून पोट धरून हसायला लागले. हसून झाल्यावर गंभीर झाले. म्हणाले, आत अन्न असताना उलटी होऊन ते छातीत गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं. पुढच्या महिन्यात या. रात्री हलकं जेवा, आणि सकाळी पाण्याचा थेंब नाही, वरई नाही, रताळं नाही, देवाचा प्रसाद नाही.

तुझा चेहरा पडलेला बघून रझिया सिस्टर तुझ्याजवळ आल्या. "मावशी, तुझं काय चुकलं? मला कुणी उपाशी ये म्हटलं असतं तर मी पहाटे सेहरी करून, पोटभर जेवून आले असते." तेव्हापासून त्या प्रत्येक पेशंटला सांगायच्या, "उपास नाही, रोजा नाही. उपाशी!"

पुढच्या खेपेला तू खरीच कोरडी आलीस. पण आता दुसरंच निघालं. डॉक्टर म्हणाले, आत खराब दिसलं तर बारीक चिमट्यानं दोन तुकडे काढून घेऊ. तू टेबलावरून उठून बसलीस.

"तुकडा? माझा?"

"अगदी छोटा, मावशी. वरईच्या दाण्याएवढा." डॉक्टरांना आता वरई माहीत झाली होती. "कळणारही नाही."

"मग परत द्याल का?"

"परत?"

"माझा आहे ना तो?"

शिकलेल्या माणसाला हे कसं कळावं? आपल्याकडे बाई केस विंचरते तर गळालेले केससुद्धा गुंडाळून चुलीत टाकते. कुणाच्या हाती लागले आणि त्यानं काही केलं तर? इथं तर पोटातलं मांस मागत होते. डॉक्टरांनी न चिडता सांगितलं की एक तुकडा इथंच एका पिवळ्या गोळीत घालायचा, जंतू आहे का ते बघायला. दुसरा बाटलीत घालून नाशिकला पाठवायचा, तिथं काचेखाली बघतील.

"कोण बघणार?"

"तिथले डॉक्टर."

"नाव काय त्यांचं?"

डॉक्टरांना सांगता येईना. तू पदर खोचलास आणि खाली उतरायला लागलीस. एवढ्या लांब येऊन, एवढं करून, तसलं आहे की नाही ते न कळताच परत जायचं? तेव्हा रझिया सिस्टर पुढं झाल्या. "मावशी, ऐक. तुकडा मी माझ्या हातानं बाटलीत घालते. झाकण मी लावते. वर तुझं नाव लिहिते. आणि काकांना आत उभं करते, त्यांच्या डोळ्यांदेखत होईल सगळं. दुसऱ्या कुणाच्या हाताला लागला तर या रझियाचं नाव घे."

तू माझ्याकडे बघितलंस. "नीट बघाल का? का भिंतीकडे बघत बसाल?"

म्हणून मला आत घेतलं. नाहीतर नवऱ्याला कोण आत घेतो?

तुला डाव्या कुशीवर निजवलं, घशात औषध फवारलं, दातांत प्लास्टिकचं कडं दिलं. नळी काळी, लांब, धामणीसारखी. मी विहिरीत दोरीनं ओळंबा सोडतो तशी डॉक्टर ती हळूहळू सोडत होते, आणि छोट्या टीव्हीवर तुझं पोट दिसायला लागलं. हौसे, एवढी वर्षं तुझ्याबरोबर राहिलो, पण तुला इतकं आतून बघितलं नव्हतं. गुलाबी, ओलं, चमकणारं. नव्या गिलाव्यासारखं. आणि पुढं एका जागी गिलाव्याचा पोपडा निघालेला, कडा सुजलेल्या, मध्ये पांढरं. गवंड्याला काय दाखवायचं? मला कळलं, ओल इथं आहे.

तुला ढास लागली. डोळ्यांतून पाणी, हात नुसता हवेत. मी तो धरला. चारचौघांत तुझा हात मी लग्नातही नीट धरला नव्हता. आणि मग माझं तोंड सुटलं. "हौसे, घाबरू नको. मी आहे इथं. तुझ्या ताईसारखं नाय होणार. तू फक्त बरी हो. मग मिरची खा. पाहिजे तेवढी खा. मी एक शब्द बोलणार नाय."

डॉक्टर टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "काका, हे आम्ही ऐकलं हं."

चिमटा मुंगीच्या तोंडाएवढा. चट्कन धरलं, ओढलं. थोडंसं रक्त आलं आणि थांबलं. सिस्टरनी शब्द पाळला. मीही भिंतीकडे बघितलं नाही. नळी बाहेर आली, तू थुंकलीस, तोंड पुसलंस. जीभ जड, घसा बधिर. तरी पहिलं वाक्य काय? "मिरचीचं काय म्हणालात ते पुन्हा म्हणा."

मग ती पिवळी गोळी. सिस्टरनी ती टेबलावर आपल्यासमोरच ठेवली. हळदीसारखी पिवळी, मध्ये तुझा दाणा. जंतू असले तर गुलाबी होईल म्हणाले. आपण दोघं तिच्याकडे बघत बसलो, दूध उतू जाईल की काय असे. कडेनं आधी रंग बदलला. मग सगळीच गुलाबी. लग्नातल्या फेट्यासारखी.

तू म्हणालीस, "हे तर हळदीला चुना लागला की लाल होते, तसं झालं."

डॉक्टर खूष झाले. "बरोबर तसंच आहे, मावशी. पोटात सगळं आंबट असतं. त्यात जगायचं म्हणून हा जंतू आपल्याभोवती चुन्यासारखं काहीतरी तयार करतो. त्यानंच ही रंगते. आहे जंतू."

"म्हणजे मिरची नाय?"

"मिरचीनं जळजळ वाढेल. रोग मिरचीचा नाही."

"आणि यांचं ओरडणं?"

"त्याचा जंतू अजून सापडलेला नाही."

तुझं हसणं बाहेर बाकड्यापर्यंत गेलं. पण मी हसलो नाही. एक तुकडा बोलला होता, दुसरा अजून गप्प होता. ओल सापडली, पण भिंत आतून पोखरली की काय, ते नाशिकहून कळायचं होतं. तो महिनाभर तू मूठभर गोळ्या खाल्ल्यास. तोंडाला लोखंडाची चव येते म्हणायचीस, पण एक गोळी चुकवली नाहीस. जळजळ कमी झाली. चुलीपुढं पाय पसरून बसायला लागलीस. मला बरं वाटायचं, पण मी ते वाटू द्यायचो नाही. बांधलेली भिंत दोनदा पाडली त्या महिन्यात. ओळंबा हलतोय असंच दिसायचं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नाशिकहून आलेला कागद उघडला, वाचला, आणि तुझ्याकडे बघून म्हणाले, "मावशी, तसलं काही नाही." तुझाच शब्द. रझिया सिस्टरनी सांगितला असणार. मी उठलो आणि बाहेर गेलो. पानटपरीच्या मागं जाऊन उभा राहिलो. डोळ्यांत सिमेंट गेलं होतं म्हण. तू विचारलंस तेव्हा मी लघवीला गेलो होतो असं सांगितलं. तुला ते पटलं नव्हतं, पण तू सोडून दिलंस. असलं तू क्वचितच सोडायचीस.

आत येतो तर तुझी चौकशी चालू. "मग आता माझा तुकडा कुठं आहे?"

"काचेवर चिकटवून जपून ठेवलाय, मावशी. नाशिकला."

तू माझ्याकडे वळलीस. "ऐकलं का? माझं आता नाशिकला पण घर आहे. जास्त ओरडलात तर मी तिकडं जाईन."

तिथून थेट स्टँडवर. मिरचीची भजी, गरम, कढईतून काढलेली. डॉक्टर म्हणाले होते थोडे दिवस जपा. तू एकच खाल्लीस, पण कशी! माझ्या डोळ्यांत बघत, सावकाश, देठापर्यंत. मी एक शब्द बोललो नाही. दिलेला शब्द.

आपलं भांडण मात्र तिथं मिटलं नाही, नुसतं दुसऱ्या बाजूला वळलं. जंतू घरात पाण्यातून, हातातून, एका ताटातून फिरतो, असं डॉक्टर बोलून गेले. आणला कुणी? तू म्हणायचीस, मी ठाण्याकडं कामाला जायचो, कुठल्या कुठल्या खानावळीत जेवायचो, तिथून आणला. मी म्हणायचो, लहानपणीच लागतो म्हणतात, तर तुझ्या माहेरचा. "माहेराहून दुसरं काय आणलंस? जंतू आणलास." त्यावर तू तीन दिवस आमटी अळणी केली होतीस. अजून ठरलेलं नाही ते. मी माझं म्हणणं सोडलेलं नाही, तू पण सोडलं नसशील.

मग तू बायकांना घेऊन जायला लागलीस. ज्या बाईचं पोट दुखे ती आधी आपल्या ओट्यावर. मोखाड्याच्या बाजाराला गेलीस तरी कुणीतरी बाजूला घेऊन विचारायची. तू जीपमध्ये शेजारी बसायचीस, पदराखाली काही खायला लपवलंय का ते तपासायचीस, आणि तुकड्याची वेळ आली की सांगायचीस, "दे गं. माझा पण आहे तिकडं. सोबत होईल." मी कुरकुरायचो, घरात भाकरी कोण करणार? तू म्हणायचीस, तुम्हीच शिका की.

तुला लाकडांवर ठेवली तेव्हा सगळे रडत होते आणि मला एकदम आठवलं, ही सगळी इथं नाहीच. एक कणी काचेवर आहे, नावासकट. लोकांना वाटलं मला हुंदका आला. हौसे, मी हसलो होतो. असं सांगायला नको, पण गुरुजींनी खरं लिहा म्हटलंय.

काल पलीकडच्या पाड्यावरची कमळी आली. तिला या सोमवारी दुर्बिणीला तू नेणार होतीस. तिची सासू नको म्हणते, नवरा वीटभट्टीवर. ती दारातच उभी. "काका, काकी नाहीत, मग मी जाऊ का नको?" मी म्हटलं, जायचं. मी येतो. उपाशी यायचं, म्हणजे कसं, तेही सांगितलं. रझिया सिस्टर अजून आहेत तेही सांगितलं. गोळी गुलाबी झाली तर घाबरायचं नाही, ते बरंच असतं, औषध असतं त्याला. सगळं सांगितलं, तुझ्यासारखं, हात हलवून. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "काका, नळी आत जाते तेव्हा कसं वाटतं?"

मला काय ठाऊक? मी बाहेरून बघितलं. आणि माझ्या तोंडातून गेलं, "थांब, हिला विचारून सांगतो."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग कमळी म्हणाली, "बरं काका. विचारा."

तर विचारतोय. कसं वाटतं गं? सोमवारच्या आत सांग.